दोन कोटी डॉलरचे शिक्षण

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की वृत्तपत्रांची पाने व्यवस्थापन संस्थांच्या जाहिरातींनी भरून जातात. त्यांत ‘इंटरनॅशनल बिझनेस’ या अभ्यासक्रमाला विशेष मान असतो. टाय बांधलेला हसरा तरुण आणि त्याच्या पाठीशी फिरणारा पृथ्वीचा गोल, हे चित्र मध्यमवर्गीय घरांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. शाखेतून घरी परतणारा कार्यकर्ता असो की बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ, घरातील मुलाने वा मुलीने हा अभ्यासक्रम निवडला तर त्याला अभिमानच वाटतो. वाटायलाही हवा. सोपारा, चौल, दाभोळ या बंदरांतून शतकानुशतके जगाशी व्यापार करणाऱ्या प्रदेशाचे आपण वारस आहोत. परदेशी व्यापाराची विद्या आपल्याला वर्ज्य असण्याचे काहीच कारण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही विद्या शिकताना आपल्या मुलांना कोणाच्या खुर्चीत बसवले जाते?

या अभ्यासक्रमांत ‘केस स्टडी’ नावाची एक पद्धत आहे. प्रत्यक्ष घडलेला एखादा प्रसंग विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा, त्यांना निर्णय घेणाऱ्याच्या जागी कल्पायचे आणि विचारायचे, ‘आता तुम्ही काय कराल?’ पद्धत उत्तम आहे. आपल्या न्यायशास्त्राच्या पाठशाळांतही पूर्वपक्ष-उत्तरपक्ष याच रीतीने शिकवला जाई. पण पाठशाळेत विद्यार्थ्याला दोन्ही पक्ष मांडावे लागत. इथे तसे होतेच असे नाही. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९९६ साली महाराष्ट्रातील एका प्रकल्पावर असे एक प्रकरण प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षक ‘एन्रॉन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन : द दाभोळ पॉवर प्रोजेक्ट इन महाराष्ट्र, इंडिया’. नायक कोण आणि रंगभूमी कोणती, हे शीर्षकातच ठरून गेले. पुढे पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण ‘राजकीय जोखीम’ या प्रकरणाखाली स्थिरावले. म्हणजे महाराष्ट्रातील निवडणूक, आपली विधानसभा, आपली न्यायालये आणि गुहागर तालुक्यातील शेतकरी व कोळी हे सारे मिळून झाली जोखीम! आणि ही जोखीम कशी ‘हाताळावी’, हे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित वर्गात बसून आपलीच मुले शिकणार.

त्याच कंपनीने आपल्या शिक्षणावर स्वतः खर्च केला होता, हे या निमित्ताने सांगितले पाहिजे. जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉनच्या एक वरिष्ठ अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली. भारतीयांचे ‘शिक्षण’ आणि प्रकल्पाची पूर्वतयारी यांवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे त्यांनी तेथे सांगितले. ही बातमी इकडे आली तेव्हा गदारोळ झाला. हे शिक्षण नेमके कोणाला दिले, कोणत्या शाळेत दिले आणि त्याची पावती कोठे आहे, असे प्रश्न विचारले गेले. लाच दिल्याचा आरोप कंपनीने अर्थातच फेटाळला. आपण क्षणभर कंपनीचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारू. दोन कोटी डॉलर खरोखरच शिकवण्यावर खर्च झाले असे मानू. मग आम्ही काय शिकलो, ते त्या करारातच पाहता येईल.

२० जून १९९२ रोजी, कंपनीच्या प्रतिनिधींच्या भेटीनंतर अवघ्या काही दिवसांत, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनशी सामंजस्य करार केला. निविदा नाहीत, स्पर्धा नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला अर्थसाहाय्य नाकारले. राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प फार मोठा आहे आणि त्याची वीज महाग पडेल, असे तिचे मत होते. जागतिक बँक ही काही स्वदेशी जागरण मंचाची शाखा नव्हे! तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी तत्कालीन काँग्रेस सरकारच्या आशीर्वादाने वीजखरेदीचा करार झालाच. कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के.

त्या करारातील अटी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने एकदा तरी समजून घ्याव्यात. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. ‘कपॅसिटी चार्ज’ म्हणजे काय हे समजायला मला काही रात्री लागल्या. पण ते एकदा समजले की बाकी सारे उलगडते. विजेच्या किमतीचे दोन भाग होते. पहिला भाग स्थिर आकाराचा. केंद्र वीज देण्यास सज्ज असले की मंडळाने हा आकार द्यायचा, मग वीज घेवो अथवा न घेवो. दुसरा भाग इंधनाचा. इंधनाचे भाव वाढले तर ती वाढ थेट मंडळाच्या खात्यावर. शिवाय कंपनीच्या देण्याचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ पर्यंत तो ४७ च्या आसपास पोहोचला. रुपया घसरला की नुकसान मंडळाचे. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी आणि राज्याने थकवले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. तंटा झाला तर तो रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या न्यायालयात न जाता लंडनच्या लवादापुढे जायचा.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात सांगतात की नफा हे जोखमीचे फळ आहे. इथे मागणीची जोखीम मंडळाची, इंधनाची मंडळाची, चलनाची मंडळाची, थकबाकीची सरकारची. कंपनीकडे उरला तो नफा. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. ती नाफ्त्यावर चालत होती आणि नाफ्त्याचे भाव चढत होते. महाग म्हणून मंडळ कमी वीज घेऊ लागले. पण स्थिर आकार तेवढाच राहिल्याने प्रत्येक युनिट आणखी महाग होत गेले. २००० साली काही महिन्यांत हा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. वीज जितकी कमी घ्यावी तितकी ती महाग, असा हा उफराटा बाजार होता. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. तेव्हा दुसऱ्या टप्प्याचे काम बहुतांशी पूर्ण झाले होते आणि आयडीबीआयसारख्या भारतीय वित्तसंस्थांचा पैसा व हमी त्यात मोठ्या प्रमाणावर अडकलेली होती. परकीय भांडवल म्हणून ज्याचे ढोल वाजवले गेले, त्याचा मोठा हिस्सा असा आपल्याच घरचा होता.

आता काही विद्वान म्हणतील, हा सारा दोष आपल्या राज्यकर्त्यांचा आहे. कंपनीने फक्त चांगला सौदा केला. मुक्त अर्थव्यवस्थेच्या समर्थकांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो अर्धा खराही आहे. माजी केंद्रीय गृहसचिव कै. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात कंपनीइतकेच कठोर शब्द आपल्या शासनव्यवस्थेविषयी आहेत. एकामागून एक सरकारे आली, एकामागून एक अधिकारी आले, कागदावर सह्या होत गेल्या आणि प्रश्न विचारणाऱ्यांना विकासविरोधी ठरवले गेले.

याबाबतीत आपल्याच माणसांना सूट देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९५ ची निवडणूक युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर लढवली. सत्ता आल्यावर गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी तो रद्द झाला. आमच्यासारख्या अनेकांना त्या दिवशी छाती फुगल्याचा अनुभव आला. मग कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, रिबेका मार्क मुंबईत आल्या, वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प पुन्हा उभा राहिला. या वेळी तर आकाराने मोठा, सुमारे २,१८४ मेगावॉटचा. आधी मंडळाच्या इच्छेवर असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. कंपनीत भागीदारी घेऊन मंडळ स्वतःच आपल्या गळ्यातील फासाचे भागधारक झाले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत तेरा दिवसांचे सरकार विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जात होते; त्याही धांदलीत केंद्राच्या प्रतिहमीला मंजुरी देण्यात आली. स्वदेशीचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट त्या वेळी फार लागली. दत्तोपंत ठेंगडी यांच्यासारखे ज्येष्ठ याविषयी किती परखड होते, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल.

जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवस्तीत पोलीस शिरले आणि बायकांनाही मार बसला. तेव्हाही राज्यात आपलेच सरकार होते. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या अमेरिकी संस्थेने या दडपशाहीवर आणि तीतील कंपनीच्या सहभागावर सविस्तर अहवाल काढला. या संस्थेचे हिंदुस्थानविषयीचे अहवाल एरवी आम्हाला पटत नाहीत. पण म्हणून वेलदूरच्या बायकांच्या पाठीवरचे वळ खोटे ठरत नाहीत.

तेव्हा राज्यकर्त्यांचा दोष मान्य. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष विद्वानांना हवा तो नाही. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे वकील, हिशेबनीस, अभियंते आणि दोन कोटी डॉलरचे शिक्षण घेऊन बसलेली माणसे होती. दुसऱ्या बाजूला मंडळाचे अधिकारी होते. त्यांतले अनेक प्रामाणिक आणि आपल्या कामात निष्णात होते, पण असा करार त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता. त्यांच्या बाजूने आकडेमोड करायला कोण पुढे आले? पुण्याच्या ‘प्रयास’ या छोट्या गटातील मूठभर अभ्यासक, काही कामगार संघटना, स्वतंत्र बाण्याचे काही निवृत्त अधिकारी, आणि पुढे या साऱ्याचा बारकाईने शोध घेणारे ‘पॉवर प्ले’ हे पुस्तक लिहिणारे अभय मेहता. यांतील काहींच्या विचारसरणीशी आमचे जमत नाही. पण हिशेब त्यांनी चोख केला. करार मात्र बराच काळ जनतेपासून गुप्त ठेवलेला. राज्यात व्यवस्थापनाच्या नामांकित संस्था होत्या, वाणिज्य महाविद्यालये होती, त्यांत ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ शिकवणारे प्राध्यापक होते. मंडळाच्या खुर्चीत बसून हा करार तपासणे हे आपले काम आहे, असे त्यांतील फारच थोड्यांना वाटले. एन्रॉनला ‘फॉर्च्यून’ मासिक १९९६ पासून सलग सहा वर्षे अमेरिकेतील सर्वांत कल्पक कंपनी ठरवत होते. तिचे कौतुक करण्यात सारे दंग होते. २ डिसेंबर २००१ रोजी तीच कंपनी दिवाळखोर झाली आणि तिचे हिशेब बनावट असल्याचे जगाला कळले.

बहुराष्ट्रीय कंपनी परदेशात एकटी येत नाही, हा धडा पाठ्यपुस्तकात तळटीपेइतक्या जागेत असतो. करार धोक्यात येताच जून १९९५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जाहीर इशारा दिला. त्या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर निवृत्तीनंतर १९९७ मध्ये एन्रॉनच्याच एका कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. जून २००१ मध्ये सोनिया गांधी अमेरिकेत गेल्या असता उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्याकडे हाच विषय काढला. कंपनी बुडाल्यावरही वसुली थांबली नाही. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी गुंतवणूक मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत केलेली होती. त्यामुळे अमेरिकेच्या या दोन दिग्गजांनी भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारताला लवादापुढे खेचले. मॉरिशसचा नागरिक म्हणून बेक्टेल! कायद्याच्या भाषेत हे सारे वैध आहे. अमेरिकी सरकारच्या ‘ओपिक’ या विमा संस्थेने भरपाई दिली आणि ती वसूल करण्यासाठी २००४ मध्ये अमेरिका स्वतः भारताविरुद्ध लवादाकडे गेली. २००५ मध्ये तडजोड होऊन जनरल इलेक्ट्रिकला सुमारे साडेचौदा कोटी आणि बेक्टेलला सुमारे सोळा कोटी डॉलर मिळाले. शहाणपण आपल्याला उशिरा आले, पण आले. डिसेंबर २०१५ मध्ये भारताने गुंतवणूक कराराचा नवा मसुदा तयार केला. परदेशी गुंतवणूकदाराने आधी भारतीय न्यायव्यवस्थेकडे जावे, ही अट त्यात आली आणि जुने अनेक करार मोडीत निघाले.

नफा वर जाण्याची आणि दायित्व खाली राहण्याची हीच युक्ती भोपाळने १९८४ मध्येच दाखवली होती. युनियन कार्बाइड इंडियात अमेरिकी मूळ कंपनीचा वाटा ५०.९ टक्के होता, म्हणजे मालकी निर्विवाद. वायुगळतीनंतर मात्र मूळ कंपनीने सांगितले की भारतातील कंपनी स्वतंत्र आहे आणि खटला अमेरिकेत चालू नये. १९८६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो भारतात पाठवला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि ती वाढवून मागणारी भारत सरकारची शेवटची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. उपकंपनी आणि मूळ कंपनी यांतील नाते शिकवताना भोपाळच्या पलीकडे दुसरे उदाहरण शोधण्याची गरज काय?

लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीशेजारी राष्ट्रीय शिक्षण होते, याचा आपल्याला विसर पडला आहे. मँचेस्टरचे कापड जाळणे सोपे होते. मँचेस्टरचा हिशेब समजून घेणे कठीण होते आणि त्या पिढीने दोन्ही केले. दादाभाई नौरोजींनी ब्रिटिशांच्याच आकडेवारीतून संपत्तीच्या अपहाराचा हिशेब मांडला. सखाराम गणेश देऊस्कर या मराठी माणसाने तो १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ या ग्रंथातून बंगाली वाचकांपर्यंत असा पोहोचवला की पुढे सरकारला त्या पुस्तकावर बंदी घालावी लागली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू गिरणीतला हमाल होता. त्याच्याजवळ पदवी नव्हती. पदवी असलेल्यांनी त्याच्या बाजूची आकडेमोड करावी, एवढीच अपेक्षा आहे.

हा विषय एकेरी नाही, हेही मुलांना सांगावे लागेल. आज भारतीय कंपन्याच परदेशांत मालक आहेत. टाटांनी २००० मध्ये टेटली, २००७ मध्ये कोरस, २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली. वेल्समधील पोर्ट टालबटच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या. नव्या विद्युतभट्टीसाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंडांचे साहाय्य देऊ केले, तरी हजारो कामगारांचे काम गेले. तेथील वर्गात कदाचित हे प्रकरण कामगाराच्या खुर्चीतून शिकवले जात असेल. आपण ते कोणत्या खुर्चीतून शिकवणार? वेलदूरच्या कोळ्यासाठी जो धर्म आपण मागतो, तोच वेल्सच्या कामगाराला लागू करण्याची तयारी नसेल, तर दीनदयाळजींचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

राज्यातील व्यवस्थापन संस्थांकडे आमची मागणी मोठी नाही. १९९३ चा वीजखरेदी करार, १९९६ चा सुधारित करार आणि गोडबोले समितीचा अहवाल यांचा समावेश पहिल्याच सत्रात करावा. वर्गाचे दोन गट पाडावेत. एक कंपनीचा, एक विद्युत मंडळाचा, आणि पुढच्या तासाला गट बदलावेत. यातून एखादा विद्यार्थी एन्रॉनसारख्या कंपनीत नोकरीला गेला तरी आमची हरकत नाही, कारण टेबलाच्या पलीकडे कोण बसले आहे हे त्याला ठाऊक असेल. त्याच वर्गातून एखादी मुलगी सरकारी वीज कंपनीत करारांचे काम पाहायला गेली, तर लंडनहून आलेल्या कागदावर सही करण्याआधी ती तो शेवटपर्यंत वाचेल.

या संस्था विद्यार्थ्यांना अभ्यासदौऱ्यासाठी दुबईला आणि सिंगापूरला नेतात; पालक त्यासाठी लाखभर रुपये मोजतात. एका वर्षी तरी ही मुले गुहागरला न्यावीत. वीज केंद्र दाभोळचे म्हणवले जाते, पण दाभोळ वाशिष्ठी खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात आहे. केंद्र आहे अलीकडे, अंजनवेलला. ज्या गावाची जमीन गेली त्याचे नावसुद्धा प्रकल्पाला मिळाले नाही. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी ते ताब्यात घेतले. त्यानंतर कधी गॅस नव्हता, कधी गिऱ्हाईक नव्हते, काही वर्षे रेल्वेला वीज गेली. अंजनवेलला गोपाळगड आहे. सकाळी मुलांना त्या तटावर न्यावे, समोरची खाडी आणि पलीकडचे दाभोळ दाखवावे, नंतर वेलदूरला उतरून जेट्टीवर जाळी विणणाऱ्या बायकांशी बोलू द्यावे. वह्या-पेन सोबत असू द्यावीत.